एक उतरलं, एक राहिलं

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत माझी सगळी नोकरी झाली, आणि त्या काळात पुरुषमाणसं माझ्याशी बोलताना बहुतेक वेळा जमिनीकडे बघत असत. मी दिसायला भयंकर नाही. पण सरकारी दवाखान्यात रुजू झाले तेव्हा जनावरांची बाई-डॉक्टर ही गोष्टच या भागाला नवी होती, आणि माझ्या कामातलं एक मोठं काम होतं गोऱ्हे खच्ची करण्याचं. साखर कारखान्याचा हंगाम जवळ आला की गाडीला जुंपायचे तरणे बैल दवाखान्यात यायचे. गोऱ्ह्याला दोर लावून आडवा पाडायचा, चारचौघांनी दाबून धरायचा आणि लोखंडी चिमट्याने वृषणाकडे जाणाऱ्या नसा कातडी न कापता चेपायच्या, असं ते काम. जुनी माणसं त्याला बडवणं म्हणायची. गोऱ्हा घेऊन आलेला शेतकरी माझ्यापुढे उभा राही, टोपी काढी, परत घाली आणि म्हणे, "बाई, त्येचं ते करायचं हाय." मी मुद्दाम विचारायची, "ते म्हणजे काय?" मग त्याची जी तारांबळ उडे, तिच्यावर माझा दिवस आनंदात जाई. हळूहळू लोकांना माझी सवय झाली. चिमटा बसला की नाही हे माझ्या मनगटाला बरोबर कळायचं, आणि ते लोकांनाही कळलं होतं.

आता बैल थोडे राहिले. ट्रॅक्टर आले, ऊसतोडीची यंत्रं आली. मी निवृत्त झाले आणि बारामतीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत छोटा दवाखाना काढला, तर दारात कुत्री. नव्या बंगल्यांतली, फ्लॅटमधली, शेतातल्या वस्तीवरची. आणि इथे मला एक गंमत दिसली. ज्या माणसाने आयुष्यभर बिनदिक्कत गोऱ्हे आणून आडवे पाडले, तोच माणूस घरच्या कुत्र्याच्या पिल्लाचं नाव काढलं की खुर्चीत सावरून, पाय जुळवून बसतो. बैल कामाचा होता. कुत्रं घरातलं असतं, आणि घरातल्या नराबद्दल कापाकापीची भाषा ऐकवत नाही.

माळेगावकडचे एक ट्रॅक्टरवाले गृहस्थ होते. त्यांच्याकडे जाडजूड जबड्याचं विलायती कुत्रं होतं. परिसरातली कुठलीही कुत्री माजावर आली की ते तारेचं कुंपण फाडून जायचं आणि फाटका कान घेऊन परत यायचं. तो कान मी इतक्यांदा शिवला की शेवटी शिवायला जागा राहिली नाही. मी दर वेळी ऑपरेशन सुचवायची आणि ते दर वेळी म्हणायचे, "मॅडम, त्याचा रुबाब जाईल." एके दिवशी ते फॅक्टरीवर गेलेले असताना त्यांच्या आईच कुत्र्याला टेम्पोत घालून माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, रुबाबाचं जेवण आणि रुबाबाची मलमपट्टी दोन्ही मलाच करावी लागते, तुम्ही करून टाका. संध्याकाळी गृहस्थ तावातावाने आले आणि कुत्र्यासमोर उकिडवे बसले. कुत्र्याने गुंगीतच शेपूट हलवली. बराच वेळ त्याच्याकडे बघून ते हळूच म्हणाले, "ओळखतोय मला."

सगळ्यांनाच मी हे करा म्हणून सांगत नाही. इंदापूरहून तहसीलमधले एक निवृत्त कारकून आपलं कुत्रं घेऊन आले होते. ते आल्यागेल्याला चावायचं. खच्ची केलं की शांत होईल असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. मी कुत्र्याला हात लावायला गेले तर ते थरथरत टेबलाखाली शिरलं. ते भित्रं होतं, आणि भीतीपोटी चावत होतं. भीती काही वृषणात नसते; उलट अशा कुत्र्याचं खच्चीकरण केलं तर ते कधीकधी जास्तच बुजरं होतं. मी त्यांना परत पाठवलं, माणसांची सवय कशी लावायची ते सांगितलं. ते नाराज होऊन गेले. ऑपरेशन करायला नकार देणारा डॉक्टर लोकांना आवडत नाही.

तर करायचं की नाही, आणि करायचं तर कधी, हे ज्या त्या पिल्लावर आणि ज्या त्या घरावर असतं. नर भटकायचा कमी होतो, मारामाऱ्या कमी होतात, घरभर तंगडी वर करायचं कमी होतं, म्हातारपणची काही दुखणी टळतात. अंगाने मात्र सुटतो, म्हणून भाकरी मोजून घालावी लागते. छोट्या चणीच्या कुत्र्याचं सहा-सात महिन्यांनंतर केलं तरी चालतं. मोठ्या हाडापेराच्या कुत्र्याला घाई करू नये. हाडं भरायला, सांधे पक्के व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं आणि त्या वाढीला वृषणांतून रक्तात उतरणारा रस लागतो. एवढंच शास्त्र आहे. बाकीचं सगळं समोरच्या माणसांशी बोलण्यात असतं, आणि ते मला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं.

बिरूआबा आणि त्यांची सून रेश्मा माझ्याकडे पहिल्यांदा आली ती एका उन्हाळ्यात. रेश्मा स्कूटी चालवत होती आणि आबा मागे बसले होते. त्यांच्या धोतराच्या ओच्यात एक करड्या-भुऱ्या रंगाचं, मोठ्या पंजांचं पिल्लू होतं. लस टोचायची होती. लस झाल्यावर रेश्मा म्हणाली, "मॅडम, याचं ऑपरेशन कधी करायचं तेही सांगून ठेवा." तेवढ्यात आबा उठले आणि पिल्लू घेऊन दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मग रेश्माने मला सगळं सांगितलं. हे कुटुंब मूळचं इंदापूरच्या पूर्वेकडच्या माळरानावरचं, मेंढरं राखणारं. आबांच्या आजापणजापासून वाडा असायचा. वाडा म्हणजे मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि बायकापोरं असा चालता संसार. पुढे रेश्माच्या नवऱ्याला एमआयडीसीत नोकरी लागली, काटेवाडीच्या शिवारात पाण्याची थोडी जमीन झाली, घर झालं. आबांचे गुडघे गेले आणि मेंढरं विकली. एक कुत्रा तेवढा राहिला होता, वाड्यावरचाच, लांडग्याला अंगावर घेणारा. ऊस-केळीच्या मुलखात त्याला काही काम उरलं नाही. गेल्या हंगामात तो एका कुत्रीच्या मागे रस्ता ओलांडत असताना उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरखाली आला. रेश्मानेच त्याला पोत्यात घालून घरी आणलं होतं. "मला ते पुन्हा उचलायचं नाही, मॅडम," ती म्हणाली.

पुढे काही आठवड्यांनी शेजारच्या वस्तीवरच्या त्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यात नर एकच, तोही थेट बापाच्या रंगाचा. आबा काठी टेकत गेले आणि तेवढं एक ओच्यात घालून घेऊन आले. त्याचं नाव भुऱ्या. आबांच्या आजाच्या वाड्यापासून चालत आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातला आता हा एकच नर उरला होता. आबांची इच्छा होती की वाड्यावरच्या एखाद्या खऱ्या जातिवंत कुत्रीवर त्याची पिल्लं व्हावीत. एकदाच. मग काय करायचं ते करा.

मला दोघांचंही पटलं. असं होतं तेव्हा डॉक्टरने मधली वाट काढायची असते, आणि इथे ती आयतीच होती. मी आबांना आत बोलावलं. सांगितलं, हे कुत्रं मोठ्या हाडाचं आहे, वर्ष-सव्वा वर्ष मी त्याला हात लावणार नाही. तोवर रेश्माने त्याला दोरीवर ठेवायचं, कुंपण पक्कं करायचं. मोठा झाल्यावर आबांनी बघून ठेवलेल्या कुत्रीवर एकदा घालायचा, आणि मग ऑपरेशन. रेश्माने मान डोलावली. आबांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं. मग मी पिल्लू टेबलावर घेऊन नेहमीसारखं मागून चाचपलं आणि माझा हात थांबला.

दोनच्या जागी एकच गोळी लागत होती.

नर पिल्लू आईच्या पोटात असताना वृषण त्याच्या पोटातच असतात आणि जन्मल्यावर काही आठवड्यांत खाली पिशवीत उतरतात. कधीकधी एक उतरतं आणि एक वरच राहतं. पाच-सहा महिन्यांपर्यंत उतरण्याची आशा असते. मी आबांना तेवढंच सांगितलं: अजून लहान आहे, वाट बघू. त्यांना गोष्ट कळली, पण एका बाईच्या तोंडून ऐकल्यामुळे त्यांनी भिंतीवरच्या गायीच्या चित्राकडे बघत मान हलवली.

तेव्हापासून आबा महिन्याला एक चक्कर मारू लागले. रेश्माला वेळ नसला तर काटेवाडीहून कोणाच्या तरी दुधाच्या गाडीतून भुऱ्याला मांडीवर घेऊन यायचे. बाकावर बसायचे, आपला नंबर आला तरी दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचे. खोलीत कोणी उरलं नाही की विचारायचे, "बाई, ते ऱ्हायलेलं पावणं आलं का?" मी चाचपायची आणि सांगायची, "नाही आलं अजून, आबा." ते म्हणायचे, "यील. वाटंत आसंल." मग चहा घेता घेता वाड्याचं सांगायचे. नीरेच्या काठाने वर चढत जाताना कुठल्या गावात पाणी गोड, कुठल्या पाटलाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली की तो धान्याबरोबर गूळही द्यायचा, मेलेल्या कुत्र्याच्या आजीने एका लांडग्याला कसं ओढ्यापलीकडे नेऊन सोडलं. ऐकताना मला वाटायचं, हा माणूस काटेवाडीत राहतो, पण अजून मुक्कामाला पोचलेला नाही.

महिन्याच्या महिन्याला अशी वाट बघणं मला नवं नव्हतं. आम्हाला मूल झालं नाही. तरुणपणी कितीतरी वर्षं मी अशीच आशा लावून बसायची आणि तो दिवस आला की कोणाला न सांगता चिमटा उचलून गोऱ्ह्यांकडे जायची. त्यामुळे आबांना 'नाही' म्हणताना मी ते जरा हळू म्हणायची, एवढंच.

पाऊसकाळ गेला, दिवाळी गेली. भुऱ्या ओच्यात मावेनासा झाला आणि मग टेबलावर मावेनासा झाला. छाती भरली, आवाज फुटला. राहिलेलं काही आलं नाही. आता आशेची मुदत संपली होती आणि ते मला सांगणं भाग होतं.

मी रेश्मालाही बोलावून घेतलं. सांगितलं की पोटात राहिलेलं वृषण पोटाच्या उबेत बिघडतं. वय वाढेल तशी त्याची गाठ होण्याचा धोका असतो. म्हणून याचं ऑपरेशन आता आवडीनिवडीची गोष्ट राहिली नाही, अंग भरलं की ते करावंच लागेल. रेश्मा आबांकडे बघत होती. आबांनी भुऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. मग पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून त्यांनी विचारलं, "एकावर पिल्लं व्हतील का?"

"होतील," मी म्हणाले. खोटं कशाला सांगायचं?

"आन् त्या पिल्लांत?"

"काही नरांत हाच दोष येईल. ज्यांच्यात दिसणार नाही त्यांच्याही रक्तात राहील. आबा, असा नर पैदाशीला वापरू नये, असं आमचं शास्त्र सांगतं."

आबा म्हणाले, "आमचंबी त्येच हाय." वाड्यात असा मेंढा निघाला तर तो आपण स्वतः बडवायचो, कितीही देखणा असला तरी, असं त्यांनी सांगितलं. एवढं बोलून ते उठले. भुऱ्याची दोरी मात्र त्या दिवशी रेश्माच्या हातात होती आणि आबा पुढे निघून गेले होते.

त्यानंतर महिन्याच्या चकरा बंद झाल्या. मला बाक रिकामा वाटू लागला. दवाखान्यात माणसं असायची, पण नीरेच्या काठचं कोणी काही सांगत नसे.

उन्हाळा संपत आला असताना एका दुपारी रेश्माचा फोन आला. आबा भुऱ्याला घेऊन सकाळीच कुठेतरी गेले होते. धुळातात्यांचा वाडा परतीच्या वाटेवर माळेगावच्या बाजूला उतरला आहे आणि त्यांची कुत्री माजावर आहे, एवढं तिने आदल्या दिवशी आबांना फोनवर बोलताना ऐकलं होतं. धुळातात्या हे आबांचे जन्माचे सोबती. दोघांचे वाडे बरोबर चालायचे, आणि त्यांचा अजूनही चालत होता. रेश्मा रडवेली झाली होती. तिला भीती होती ती आबा उन्हात चक्कर येऊन पडतील याची. मी म्हणाले, मी जाऊन बघते.

ऊस तुटून गेलेल्या मोठ्या रानात मेंढरं बसली होती. बांधावरच्या लिंबाखाली आबा होते, शेजारी धुळातात्या. भुऱ्या आबांच्या हातातल्या दोरीला ताण देऊन उभा होता आणि समोर, हाकेच्या अंतरावर, घोड्याच्या खुंट्याजवळ ती कुत्री बांधलेली होती. काळीभोर, उंच पायांची. तिच्यासारखी कुत्री आता शोधून सापडत नाही, हे मलाही दिसत होतं. वारा तिच्याकडून येत होता. भुऱ्या कुंईकुंई करत होता, दोरी आबांच्या तळव्यात रुतत होती.

आबांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "बसा बाई. पर काय बोलू नका."

मी बसले. धुळातात्याच बोलत होते. बिरू, एकदाच लाव, एवढ्या पिल्लांत दोन तरी धड निघतील, बाकीच्यांचं बघू, तुझ्या बापाच्या कुत्र्यांनी माझीबी मेंढरं राखलीत. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, मैत्रीच होती. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात आलं की आबांनी दोरी सोडावी. सगळं आयुष्य जे शास्त्र मी लोकांना सांगितलं, ते त्या दुपारी मला फार कोरडं वाटलं. एक म्हातारा, एक कुत्रा, एक कुत्री. कोण विचारायला येणार होतं? मी बोलले नाही ते आबांनी बजावलं होतं म्हणून, की बोलले असते तर दोरी सोडा म्हणाले असते या भीतीने, ते आजही मला सांगता येणार नाही.

उन्हं कलली. आबांनी धुळातात्यांना विचारलं, "धुळा, एका अंडाचा मेंढा तू वाड्यात ठिवशील?"

तात्यांनी आपल्या कुत्रीकडे बघितलं.

"ठिवशील का? सांग की."

"न्हाय," तात्या म्हणाले.

"मग मी कसा ठिवू?" असं म्हणून आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. भुऱ्या येईना. त्याने चारी पाय रोवले. आबांनी त्याला ओढलं नाही. खाली वाकून दोन्ही हातांनी त्याचं तोंड आपल्याकडे वळवलं, कानात काहीतरी पुटपुटले आणि चालू लागले. थोडं अंतर तो मागे बघत बघत गेला, आणि मग आबांच्या पायाशी चालू लागला. आबा गाडीत बसेनात, म्हणून मी ती तिथेच ठेवून डांबरी रस्त्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत गेले. आबा सारखं धोतराच्या सोग्याने तोंड पुसत होते. ऊनही होतंच.

पावसाळ्यात मी भुऱ्याचं ऑपरेशन केलं. पोटातलं वृषण शोधायचं म्हणजे नेहमीच्या ऑपरेशनपेक्षा लांबचं काम. ते छोटंसं, वाळक्या खारकेएवढं, आतड्यांच्या आड दडलेलं सापडलं. आबा आणि रेश्मा बाहेर एकाच बाकावर बसले होते. मी बाहेर येऊन सगळं नीट झालं म्हणून सांगितलं, तेव्हा आबांनी एवढंच विचारलं की त्याला जाग आल्यावर दुखेल का. रेश्माने मान खाली घातली होती. ज्या गोष्टीचा आग्रह तिने धरला होता ती झाली होती, पण तिच्या तोंडावर जिंकल्याचं काही नव्हतं. घरी नेताना तिने भुऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आबांना रिक्षात पुढे बसवलं.

भुऱ्या लवकर बरा झाला. कुत्रीच्या मागे पळायची ओढ हळूहळू गेली. पण रेश्मा सांगायची की त्याला घरात करमत नाही. पहाटे फाटकाशी जाऊन बसतो, तोंड रस्त्याकडे. शेजाऱ्यांची शेळी कुंपणाजवळ आली की उठून तिच्या आणि रस्त्याच्या मध्ये उभा राहतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास आबा बऱ्याच महिन्यांनी माझ्या बाकावर येऊन बसले. धुळातात्यांचा राखणीचा कुत्रा बिबट्याने नेला होता. आता उसातून बिबटे झाले आहेत, लांडगे परवडले असं मेंढपाळ म्हणतात. दिवाळी झाली की वाडा वर जायचा होता. आबांनी विचारलं, "बाई, खच्ची कुत्रं राखण करंल का? धुळा म्हंतो, त्येच्यात आता दम न्हाय ऱ्हायला."

मी सांगितलं की राखण त्या गोळीत नसते. ती जन्माची असते आणि सवयीची असते. उलट हा माजाच्या मागे मेंढरं सोडून जाणार नाही. आबांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, त्यांना हे ठाऊक होतंच, फक्त कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

घरी मात्र रेश्मा अडून बसली. जी सून या कुत्र्याला दोरीवर ठेवत होती, तिनेच त्याला पाठवायला नकार दिला. मला फोन करून म्हणाली, "मॅडम, तो घरी राहावा म्हणून तर सगळं केलं ना? आता बिबट्यापुढे उभा करायचा?" तिचंही खरंच होतं. पिल्लू असल्यापासून दूध-भाकरी तीच कालवून घालत होती. आबांनी तिच्याशी वाद घातला नाही. एका पहाटे त्यांनी तिला उठवून फाटकाशी नेलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसलेला भुऱ्या दाखवला. रेश्माने नंतर मला सांगितलं की तिला त्याच्या पाठीकडे बघवेना. दिवाळीनंतर तिने स्वतः स्कूटीवरून, पुढे भुऱ्या आणि मागे त्याची दोरी धरून आबा बसवून, त्याला वाड्यावर पोचवलं. येताना आबा रिकाम्या हातांनी मागे बसले होते, कुठे धरावं हे त्यांना कळत नव्हतं.

हिवाळाभर बातम्या यायच्या त्या धुळातात्यांच्या सुनेच्या मोबाईलवरून. भुऱ्या वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावतात त्या जाळीच्या, बाहेर झोपतो. एकदा बिबट्या आला आणि कोकरू न घेता परत गेला. भुऱ्याच्या खांद्याला ओरखडा आहे, हळद भरली. आबा हे सगळं मला येऊन सांगायचे. सांगताना ताठ बसायचे, आणि सांगून झालं की लगेच जायचे नाहीत.

या वर्षी मी दवाखाना बंद केला. हाताला थोडा कंप येऊ लागला आहे, आणि कंप पावणाऱ्या हाताने दुसऱ्याच्या जिवाला टाके घालू नयेत. सकाळी उठते आणि क्षणभर वाटतं की बाहेर कोणीतरी बाकावर येऊन बसलं असेल. माझ्या मनगटाला अजून चिमट्याचं वजन आठवतं. बाक मात्र मी काढलेला नाही.

परतीच्या वाटेवर वाडा पुन्हा माळेगावच्या बाजूला उतरला तेव्हा आबांनी मला बरोबर चला म्हणून निरोप पाठवला. रेश्माने डब्यात भाकरी चुरून दूध घालून दिलं होतं. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा मेंढरं चरत होती आणि भुऱ्या त्यांच्या पलीकडे, उसाकडे तोंड करून बसला होता. अंगाने भरला होता, रंग उन्हाने उतरला होता. वाऱ्याने त्याला आमचा वास दिला असावा. तो उठला, सावकाश चालत आला, आबांचे पाय हुंगले, हात हुंगले आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. आबांचा हात त्याच्या कानांवरून, मानेवरून, खांद्यावरच्या त्या जुन्या ओरखड्यावरून फिरत राहिला. डब्यातलं त्याने थोडं खाल्लं, थोडं ठेवलं.

मग मेंढरं हलली. एका बाजूने पुढे सरकून उसाकडे निघाली. भुऱ्याने डोकं उचललं, एकदा आबांकडे बघितलं आणि गेला. मेंढरांना वळसा घालून तो पुन्हा उसाच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन बसला, आमच्याकडे पाठ करून.

आबा बघत राहिले. मी म्हणाले, "हाक मारा की आबा, एकदा. लांबून आलाय तुम्ही."

त्यांचे ओठ हलले, पण हाक आली नाही.

"बोलिवला तर यील वो," ते म्हणाले. "म्हणून तर बोलवत न्हाय."